न टोचलेल्या अळ्या

पास्कूदादाचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. पास्कूदादा म्हणजे आमच्या लुसी मॅडमचा धाकटा भाऊ. उत्तनला राहतो, त्याची स्वतःची बोट आहे. एरवी तो फोनवरही ओरडूनच बोलतो. त्या दिवशी आवाज इतका खाली होता की मला दोनदा "कोण?" म्हणून विचारावं लागलं. "मंगल, लुसी गेली गं," तो म्हणाला. "सकाळीच. डाक्टर बोलतात, जंतू रक्तात गेलं." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "कुठल्या डॉक्टरनी सांगितलं? तू रिपोर्ट बघितलास का?" फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. माणूस गेल्याचं कळतं आणि मी कागद मागते... पण ही सवय मला ज्यांनी लावली, त्यांचीच ती बातमी होती. त्याला आता सहा आठवडे झाले.

मी जिंतूरची. वडिलांची पिठाची गिरणी, आई घरी, आणि आमच्या दोन्हीकडच्या नात्यात माझ्याआधी कुणी पदवीधर नाही. एम.एस्सी. झाल्यावर एम.फिल.साठी भाईंदरच्या एका कॉलेजात जागा मिळाली, ती मिळवून देणाऱ्या प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणजे या. जागा देण्याआधी त्यांनी माझी सगळी मूळ प्रमाणपत्रं मागितली आणि एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. "हे मार्क खरे आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो मॅडम. "तालुक्याच्या कॉलेजात कीटकशास्त्राला एवढे मार्क कसे पडतात?" मी घाबरून खरं तेच सांगितलं, की आमच्या गिरणीत लहानपणापासून पिठातल्या अळ्या वेचायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तो विषय मला अवघड गेला नाही. त्या पहिल्यांदा हसल्या. "उद्यापासून ये," म्हणाल्या. कागद मात्र आठवडाभर स्वतःकडेच ठेवले. विद्यापीठात विचारून खात्री करून घेतली असं नंतर कळलं.

त्यांचा विषय साधा करून सांगते. आपल्याला गोवर झाला की शरीर तो लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठी खास शस्त्र तयार असतं. किड्याकडे ती सोय नाही. त्याच्या रक्तात आपल्यासारखी प्रतिद्रव्यं नसतात. तरी कुजक्या फळात, शेणात, घाणीत तो मजेत जगतो. कारण त्याला जखम झाली किंवा जंतू आत शिरला, की काही तासांत त्याच्या अंगातल्या चरबीत प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे तयार होतात आणि रक्तात उतरतात. जंतूच्या आवरणाला ते अक्षरशः भोकं पाडतात. हा जंतू कोणता, मागे कधी आला होता का, असली चौकशी नाही. परकं काहीतरी आलंय, एवढं पुरे. मॅडम म्हणायच्या, "जंतूंवरची औषधं हळूहळू निकामी होत चाललीत. या अळीकडून काही शिकता आलं तर बघायचं." अळी म्हणजे मेणपतंगाची, मधाच्या पोळ्यातलं मेण खाणारी, बोटाच्या पेराएवढी, पांढरी, गुबगुबीत.

कॉलेजात दर महिन्याला किड्यांचं औषध फवारायचे, म्हणून अळ्या तिथे ठेवणं शक्य नव्हतं. त्या मॅडमच्या शांती नगरमधल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत असायच्या. खिडकीला काळं कापड, एका मांडणीवर झाकणाला जाळी लावलेले प्लास्टिकचे डबे. अळ्यांना खायला मध, ग्लिसरीन आणि गव्हाचा कोंडा. कोंडा आमच्या गिरणीतून यायचा. वडील एस.टी.च्या ड्रायव्हरच्या ओळखीने पोतं पाठवायचे आणि जिंतूरच्या बसस्टँडवर ऐकेल त्याला सांगायचे की माझ्या गिरणीचा कोंडा मुंबईत सायन्सला लागतो. मी सिल्व्हर पार्कला एका कुटुंबात पेइंग गेस्ट होते. सकाळी सातला चालत मॅडमकडे यायचं, अळ्यांचं काम उरकायचं आणि दोघींनी रिक्षाने कॉलेजात जायचं, असा आमचा दिवस.

खोलीतून कोमट मधाचा वास यायचा आणि तो जिन्यापर्यंत पोचायचा. समोरच्या हंसाबेनना त्याचा भारी संशय. एकदा त्यांनी दारातच गाठलं. "लुसीबेन, बुरा मत मानना, पर आप लोग में तो घर पे दारू बनाते हैं ना?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बनाते हैं ना. आपको कितना चाहिए?" दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी तपासायला हजर. मॅडमनी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि एका डब्याचं झाकण उघडलं. ते बिचारे तीन पावलं मागे सरकले. "मॅडम, ये... ये आप खाते हो?" "सिर्फ क्रिसमस को," मॅडम म्हणाल्या. सेक्रेटरी गेल्यावर त्या खूप हसल्या, आणि हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "आता चावी बदलायला हवी. त्यानं कुलूप नीट बघून घेतलंय." दोन दिवसांत खरोखर कुलूप बदललं. मला मात्र नवी चावी मिळाली नाही. सकाळी बेल वाजवायची, मॅडम दारातल्या भोकातून बघणार, मग दार उघडणार.

माझा प्रयोग असा होता. अळ्यांचे तीन गट. पहिल्या गटातल्या अळीला मेलेल्या जंतूंत बुडवलेली सुई टोचायची. दुसऱ्या गटाला नुसती उकळलेली, निर्जंतुक सुई. तिसऱ्याला काहीच नाही, हातही लावायचा नाही. एका दिवसाने प्रत्येक अळीच्या पायाला बारीक छेद देऊन पिवळट रक्ताचा थेंब घ्यायचा, कॉलेजात न्यायचा आणि जंतू पसरलेल्या बशीत लहानशा खळग्यात सोडायचा. रक्तात ते प्रथिनांचे तुकडे असतील तर दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जंतू मेलेले असतात, काचेसारखं स्वच्छ वर्तुळ दिसतं. पहिल्या गटाचं वर्तुळ मोठं, दुसऱ्याचं छोटं, कारण नुसती जखमही अळीला पुरते. तिसऱ्याचं काहीच यायला नको. सगळा प्रबंध त्या 'काहीच नाही'वर उभा होता. न टोचलेल्या अळ्या कोऱ्या आल्या, तरच टोचल्यामुळे फरक पडला असं म्हणता येणार.

आणि आमच्या न टोचलेल्या अळ्यांची वर्तुळं यायला लागली.

पहिल्यांदा मॅडम म्हणाल्या, डबे बदलले गेले असतील. दुसऱ्यांदा त्यांनी मध बदलला. तिसऱ्यांदा त्या कोंड्याच्या पोत्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझे वडील गिरणीत पावडर मारतात का?" मी म्हटलं, नाही मॅडम, माणसं खातात ते पीठ. "सगळे असंच सांगतात," त्या म्हणाल्या. मला ते फार लागलं. कोंडा पाण्यात भिजवून, गाळून, तोही त्यांनी बशीत तपासला. काही निघालं नाही. त्या दिवसापासून माझी आकड्यांची वही त्या रोज संध्याकाळी मागून घेऊ लागल्या, आणि सकाळी परत देताना माझ्याकडे अशा बघायच्या की मी न केलेल्या गोष्टी मला आठवायला लागाव्यात. माझ्या लक्षात आलं, आता शंका मधावर नाही, कोंड्यावर नाही. माझ्यावर आहे. मी कंटाळा करून डब्यांची सरमिसळ करते, किंवा त्याहून वाईट म्हणजे आकडे घरी बसून लिहिते. एम.फिल.चं वर्ष संपायला चार महिने राहिले होते. ते हातून गेलं असतं तर परत जिंतूरला जायचं आणि लग्न, हे घरी ठरल्यासारखंच होतं. पण खरं सांगू, त्याहीपेक्षा मला हे सहन होत नव्हतं की ज्या बाईंमुळे मी इथवर आले, त्या बाईंना मी लबाड वाटते.

मग माझ्याही डोक्यात किडा शिरला. सकाळी डबे उघडताना मला जाणवायचं, तिसऱ्या गटाच्या झाकणाची चिकटपट्टी मी लावली तशी नाही. कोपरा थोडा सुटलेला, नखाने पुन्हा दाबलेला. या घरात मॅडमशिवाय कुणी नाही. मला आत घेतलं त्यांनीच, मग माझं काम बिघडवतील कशाला? पण शंकेला कारण लागत नाही. दुसरी कुणी विद्यार्थिनी त्यांना हवी असेल, मी गावठी म्हणून नकोशी झाले असेन, असं काहीबाही मनात यायचं. वडील गिरणी बंद करताना दाराशी पिठाचा अगदी पातळ थर भुरभुरून ठेवायचे. सकाळी उंदराची पावलं की माणसाची, लगेच कळायचं. मी तेच केलं. एका सकाळी कॉलेजला निघायच्या आधी चिमूटभर पीठ तिसऱ्या गटाच्या झाकणांवर आणि मांडणीच्या कडेला पसरलं. ज्यांचे उपकार, त्यांच्यावरच सापळा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणांवरचं पीठ पुसलेलं होतं. मॅडम चहा गाळत होत्या, अंगात गडद निळा गाऊन, आणि त्याच्या उजव्या बाहीवर कोपरापर्यंत पांढरे पट्टे. मी बघत राहिले.

"काय बघतेस?"

"मॅडम... बाहीला पीठ लागलंय."

त्यांनी बाही पाहिली. चहाचं पातेलं खाली ठेवलं. "मी काल चपात्या केल्या न्हाय," त्या स्वतःशी म्हणाल्या. त्या अस्वस्थ झाल्या की उत्तनची बोली तोंडात यायची. मग माझ्याकडे वळल्या. "तू टाकलंस?"

मी हो म्हणून मान हलवली. वाटलं, आता संपलं.

"माझ्यावर पहारा ठेवलास?"

"मॅडम, डबे कुणीतरी उघडत होतं."

"मीच उघडत होते!" त्या ओरडल्या. "तू बदलतेस का ते बघायला, पहिल्या चाचणीपासून. रोज संध्याकाळी. सगळ्या अळ्या परातीत ओतून मोजत होते. एकेक हातात घेऊन, भिंगाखाली फिरवून बघत होते, कुठे सुईचं टोचलेलं दिसतं का..." आणि त्या मध्येच थांबल्या. त्यांचा हात अजून हवेतच होता, चिमटीत अळी धरून फिरवावी तसा. आम्ही दोघी त्या हाताकडे बघत होतो. त्या अगदी हळू म्हणाल्या, "रोज परातीत आदळत होते गं मी त्यांना..."

पुढचे तीन आठवडे आम्ही ते पडताळून पाहिलं. काही डबे लाखेने बंद केले, लाखेवर दोघींच्या सह्या. बाकीचे मी दररोज त्यांच्यासमोर परातीत ओतले, अळ्या बोटांत फिरवल्या आणि परत भरल्या. ना सुई, ना जंतू. बंद डब्यातल्या अळ्या कोऱ्या आल्या. हाताळलेल्या अळ्यांनी वर्तुळं दिली. जखम नसताना नुसत्या धसमुसळेपणाने अळीचं शरीर संकट आलं असं समजून तयारीला लागलं होतं. मॅडमना ज्या खोटेपणाचा संशय होता, त्याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या हातांनी रोज तयार होत होता.

त्यांनी माझी माफी मागितली नाही. मीही पिठाबद्दल मागितली नाही. एवढंच सांगितलं, की पूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याने आकडे रचले होते, त्या शोधनिबंधावर यांचं नाव छापलं गेलं होतं आणि ते पुसून काढायला यांना दोन वर्षं लागली होती. मग प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात त्यांनी मला एक वाक्य लिहायला सांगितलं: सुरुवातीच्या चाचण्यांत तिसऱ्या गटातील अळ्या मार्गदर्शकाने दररोज हाताळल्या, त्यामुळे त्या चाचण्या बाद धरल्या आहेत. मी म्हटलं, मॅडम, 'मार्गदर्शकाने' कशाला? नुसतं 'हाताळल्या गेल्या' लिहू. "कुणी हाताळल्या ते लिहायचं," त्या म्हणाल्या. "न्हायतर वाचणारा तुझ्यावर ढकलेल." तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच वाक्यावर बोट ठेवून विचारलं, मॅडम, हे खरं आहे? "माझीच चूक," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

मला एम.फिल. मिळालं. जिंतूरला वडिलांनी गिरणीवर आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला. पण एक गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली. नोकरीच्या अर्जासाठी मॅडमनी शिफारसपत्र दिलं. इतरांच्या पत्रांत असतं, ही विद्यार्थिनी प्रामाणिक आहे, विश्वासू आहे. माझ्या पत्रात होतं, "हिचे सर्व आकडे मी स्वतः तपासले आहेत." ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल... ते कौतुक होतं की खबरदारी? त्याच पत्रावर मला भाईंदर पूर्वेच्या ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली, मुलाखतीत त्याच वाक्याने काम केलं, आणि तरी पाच वर्षं ते मला टोचत राहिलं. मी दर रविवारी मॅडमकडे जायचे. दार अजून भोकातून बघूनच उघडायच्या. विचारायचं धाडस झालं नाही. मॅडम, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवता का, असं कुणाला विचारता येतं का?

यंदा पास्कूदादाने आणलेला शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा मॅडमच्या तळहातात घुसला. त्यांना मधुमेह होता. डॉक्टरकडे जायचं सोडून त्यांनी हातावर पसरणाऱ्या लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली आणि दर तीन तासांनी नवी रेघ मारत बसल्या. "आधी शरीर काय करतं ते बघू," मला फोनवर म्हणाल्या. "हे डॉक्टर उठसूट अँटिबायोटिक देतात." मी पोचले तेव्हा सातवी रेघ मनगटाच्या वर गेली होती. मी आणि पास्कूदादाने त्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं.

शेवटची भेट तिथली, दुपारी चारची. ताप चढलेला, डोळ्यांवर झापड. मी डब्यातून गोळी काढली, पाकिटावरचं नाव वाचलं आणि मोठ्याने वाचून दाखवणार होते, कारण आयुष्यात त्यांनी न वाचता गोळी घेतली नव्हती. त्यांनी नुसतं तोंड उघडलं. मी गोळी जिभेवर ठेवली, पाणी दिलं. गिळली. कोणती, कशाची, काही विचारलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी पास्कूदादाचा तो फोन.

उत्तनच्या चर्चमागे त्यांना पुरलं तेव्हाही माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. ते काय होतं? माझ्यावरचा विश्वास, की ताप? अर्धवट शुद्धीतलं माणूस कुणाच्याही हातून गोळी घेतं. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मॅडमनीच मला शिकवलेलं.

गेल्या रविवारी पास्कूदादाबरोबर शांती नगरचा फ्लॅट आवरायला गेले. हंसाबेन दारात येऊन रडल्या, "लुसीबेन मेरे को रोज डांटती थी," म्हणाल्या. मागची खोली पास्कूदादाने उघडली. काळं कापड तसंच, मांडणी रिकामी, भिंतीत मुरलेला मधाचा वास. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि सहज बोलायला लागला. "लय हट्टी. त्या दिवशी सकाळी मी गोळी दिली तर माझा हात ढकलला. बोलली, आधी दाखव काय हाय. मी काय वाचणार इंग्लिश? दुपारी सिस्टर आली, तर गोळी तिच्या अंगावर थुकली. तू आलीस, तुज्या हातची घेतली बघ."

मी काळं कापड काढत होते. हात तिथेच थांबला.

"खरं सांगतोस, दादा?"

"मग? खोटं कशाला बोलू?"

माझं मन राखायला तो असं म्हणाला असेल, ही शंका आलीच. ती येणारच. पास्कूदादा भाबडा आहे, पण दयाळूही आहे. आणि मला ठाऊक होतं की हे पडताळता येतं. हॉस्पिटलात प्रत्येक पेशंटचा तक्ता असतो. कोणती गोळी किती वाजता दिली, पेशंटने कधी नाकारली, सिस्टर तिथे लिहून ठेवते. मागितला तर पास्कूदादाच्या सहीने तो बघायला मिळाला असता. हॉस्पिटल माझ्या परतीच्या वाटेवरच आहे.

संध्याकाळी रिक्षा हॉस्पिटलच्या फाटकासमोर आली आणि नेमकी पुढे ट्रक अडकल्यामुळे थांबली. आत दिवे लागले होते, पायऱ्यांवर कुणी डबा घेऊन चढत होतं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "यहीं उतरना है क्या, मॅडम?"

"नहीं," मी म्हटलं. "सीधा चलो."